शास्त्रदान : ताडपत्रापासून संगणकापर्यंत

आचार्य धरसेनांकडून लाभलेले आगमज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या मुनिद्वयाने षट्खंडागमाच्या रूपाने ग्रंथबद्ध केले. त्या पूर्तीचे स्मरण म्हणून ज्येष्ठ शुद्ध पंचमीस आपण श्रुतपंचमी साजरी करतो. त्यावरील 'धवला' ही टीका वीरसेनाचार्यांनी इ. स. ८१६ मध्ये पूर्ण केली. पुढे कित्येक शतके तिच्या ताडपत्री प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे जतन होऊन राहिल्या. यात्रेकरू त्यांचे दर्शन घेत. वाचन मात्र होत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद व सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या पुढाकाराने नक्कल करण्याचे कार्य सुरू झाले. लिपी जुनी कन्नड, पाने जीर्ण; त्यामुळे ते अनेक वर्षे चालले. प्रत मूडबिद्रीबाहेर जाऊ देण्यास तेथील व्यवस्थापक राजी नव्हते. अखेर लेखनिक गजपती उपाध्याय यांनी गुप्तपणे आणखी एक प्रत तयार केली. ती सहारनपूरला पोहोचली आणि तिच्यावरून झालेल्या नागरी प्रती कारंजा, आरा, अमरावती येथे गेल्या. त्यांच्याच आधारे डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला भाग प्रसिद्ध केला. पुढे एकूण १६ भाग झाले, आणि नंतरच्या भागांसाठी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची अनुमतीही मिळाली.

व्यवस्थापकांना दोष देणे सोपे आहे. परंतु ग्रंथ टिकले ते त्यांच्याच दक्षतेमुळे. तथापि हीच अनुमती अगोदर मिळती, तर चोरवाटेचे कारणच उरले नसते, असे माझे मत आहे.

अनुमतीचा तोच प्रश्न आज ग्रंथालयाच्या संगणकात उभा आहे. पोथ्यांची छायाचित्रे घेऊन त्या फाईली ग्रंथालयाच्या प्रणालीत चढविल्या जातात. 'कोहा' ही अशीच एक मुक्त प्रणाली. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालय न्यासासाठी ती १९९९ मध्ये तयार झाली व २००० च्या जानेवारीत वापरात आली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट, दान. शास्त्रदानाची परंपरा असलेल्या समाजाला हे नाव परके वाटू नये!

या प्रणालीत फाईल चढविताना तिला वर्ग नेमावा लागतो. वर्ग न नेमल्यास ती तात्पुरती समजली जाते आणि ठरावीक दिवसांनी अशा फाईली काढून टाकण्याची व्यवस्थाही तीत आहे. कापडाच्या ताग्यावर चिठ्ठी नसेल तर तो गोदामात असूनही सापडत नाही, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. येथे तर तागाच नाहीसा होऊ शकतो. स्वीकारलेल्या प्रत्येक फाईलीस प्रणाली एक संकेतांक देते. त्यामुळे 'पान १' नावाच्या दोन पोथ्यांच्या फाईलींत घोटाळा होत नाही. तिचा दुवा ग्रंथाच्या नोंदीतील ८५६ क्रमांकाच्या रकान्यात भरला की सूचीतून थेट पोथीपर्यंत जाता येते.

मात्र फाईल चढविताना आणखी एक लहानशी चौकट असते : सर्वांना पाहण्यास खुली करावी काय? तेथे खूण केली नाही, तर बाहेरच्या वाचकास ती फाईल उघडता येत नाही. ही खूण करणे हे संगणकावर बसलेल्या कर्मचाऱ्याचे काम नव्हे. कोणती पोथी खुली, कोणती केवळ अभ्यासकांसाठी, याचा लेखी ठराव विश्वस्तांनी छायाचित्रणापूर्वीच करावयास हवा.