मापात पाप, की मापांत फरक?



आजची गोष्ट एका टेम्पोपासून सुरू करते. आमच्या बचत गटानं भाजी बाजारात न्यायला एक जुना टेम्पो घेतला. विकणारा म्हणाला, "ताई, अठराचं ॲव्हरेज देतो." म्हणजे एका लिटरला अठरा किलोमीटर. महिनाअखेरीला वहीत हिशोब मांडला, तर साडेतेराच भरले. बैठकीत कुजबूज सुरू झाली. टेम्पो चालवणारा पोरगा आमच्याच एका सभासद बाईचा. डिझेल जातं कुठं, असं तोंडावर कुणी विचारलं नाही, पण त्या माउलीला कळायचं ते कळलं. पुढच्या दोन बैठकांना ती आलीच नाही.

मला ते लागून राहिलं. हा अठराचा आकडा येतो तरी कुठून, ते बघायचं ठरवलं. शोधता शोधता मी इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स सगळीकडे फिरून आले. पुस्तकांतूनच, बरं का!

मोटारी आल्या तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत अंतर मैलांत मोजायचे आणि पेट्रोल गॅलनमध्ये. म्हणून गाडीचं ॲव्हरेज म्हणजे एका गॅलनला किती मैल. पण गॅलन कुणाचा? पूर्वी इंग्लंडात वाइनचा गॅलन वेगळा, बिअरचा वेगळा, धान्याचा वेगळा. १७०७ साली, ॲन राणीच्या काळात, वाइनचा गॅलन २३१ घनइंचांचा ठरला. तोच इंग्रजांबरोबर अमेरिकेत गेला. पुढं अमेरिका स्वतंत्र झाली, पण माप तेच राहिलं. इकडं १८२४ साली इंग्लंडनं आपले सगळे जुने गॅलन मोडीत काढले आणि दहा पौंड पाणी मावेल असा एकच नवा, मोठा गॅलन ठरवला. तेव्हापासून नाव एक आणि मापं दोन. अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा, इंग्रजांचा ४.५४६ लिटरचा.

आता गंमत बघा. एकच गाडी घ्या. इंग्लंडातला माणूस म्हणेल, ही तीसचं ॲव्हरेज देते. अमेरिकेतला म्हणेल, पंचवीसचं. आपण म्हणू, साडेदहाच्या जरा वर. आणि जर्मनी-फ्रान्समधला माणूस म्हणेल, नऊ पूर्णांक चार. तो उलटा हिशोब करतो. एका लिटरमध्ये किती किलोमीटर हे तो विचारत नाही, शंभर किलोमीटरला किती लिटर लागले हे विचारतो. त्याच्याकडे आकडा जितका लहान, तितकी गाडी चांगली. चार माणसं, चार आकडे, आणि खोटं कुणीच बोलत नाही!

हा गोंधळ आपल्याला नवा नाही. आपल्या आज्या पायली, अधोली, शेर, मापटं यांत धान्य मोजायच्या. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असं नव्हतं. मणाचंही तेच. इंग्रजी अमलात मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा, आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्त. माप ज्याच्या हातात, त्याचं फावायचं. घेताना एक आणि देताना दुसरं, हे आपल्याकडे इतकं चालायचं की 'मापात पाप' हा शब्दच भाषेत बसला.

फ्रान्समध्ये हीच तक्रार होती. शेतकऱ्यानं जमीनदाराला धान्य द्यायचं ते जमीनदाराच्या मापानं. १७८९ साली तिथं राजाकडे गावोगावच्या गाऱ्हाण्यांच्या वह्या गेल्या. त्यांत देशभर एकच माप करा, अशी मागणी पुन्हा पुन्हा आली. क्रांती झाली आणि १७९५ च्या कायद्यानं मीटर, लिटर, ग्रॅम आले. मीटर ठरवताना कुणा राजाचा हात किंवा पाऊल घेतलं नाही. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग घेतला. पृथ्वी सगळ्यांची, म्हणून मापही सगळ्यांचं. पण लोकांच्या हाताला जुनी सवय. १८१२ मध्ये नेपोलियनला जुन्या नावांची मापं पुन्हा चालू द्यावी लागली. मीटर-लिटर कायमचे सक्तीचे झाले ते १८४० पासून.

आपल्या देशात कायदा झाला १९५६ साली. १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम आले, आणि एप्रिल १९६२ पासून वजनाला ते सक्तीचे झाले. गॅलन गेला, लिटर आला. मैल गेला, किलोमीटर आला. इंग्लंड मात्र अजून मधेच अडकलंय. तिथं पेट्रोल मिळतं लिटरनं, रस्त्यावरच्या पाट्या मैलांच्या, आणि ॲव्हरेज बोलतात गॅलनवर.

तुम्ही म्हणाल, आकड्यांचा घोळ, त्यात एवढं काय? मग कॅनडाची गोष्ट ऐका. तो देश तेव्हा जुन्या मापांकडून नव्याकडे चालला होता. २३ जुलै १९८३ ला एका विमानाला साधारण २२,३०० किलो इंधन लागणार होतं. इंधन दाखवणारे काटे बंद होते, म्हणून लोकांनी कागदावर हिशोब केला. तो करताना किलोच्या जागी पौंडांचा आकडा धरला गेला. पौंड अर्ध्या किलोहूनही लहान. झालं, निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं आणि आकाशात असतानाच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकानं ते घारीसारखं तरंगत आणून गिम्ली नावाच्या गावी जुन्या धावपट्टीवर उतरवलं. विमानातले ६९ जण वाचले. त्या दिवशी इंधन कुणी चोरलं नव्हतं. मापांची गल्लत झाली होती.

आता येऊ आपल्या अठराच्या आकड्याकडे. १९७३ साली अरब देशांनी अमेरिकेला तेल देणं थांबवलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्यानंतर १९७५ मध्ये तिथं कायदा झाला, की १९८५ पर्यंत कंपन्यांनी नव्या मोटारींचं ॲव्हरेज गॅलनला साडेसत्तावीस मैलांपर्यंत न्यायचं. म्हणजे जवळजवळ दुप्पट. मग ॲव्हरेज मोजायचं कसं, याची सरकारी रीत आली. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवायची, चाकं जागच्या जागी फिरवायची आणि ठरलेल्या वेळापत्रकानं वेग वाढवायचा, कमी करायचा. पूर्वी जपानचं वेळापत्रक वेगळं, युरोपचं वेगळं, आपलं वेगळं असायचं. आपल्याकडे ही तपासणी करणारी एक मोठी संस्था, एआरएआय, पुण्यातच आहे. सगळ्या गाड्या एकाच कसोटीवर तोलता याव्यात म्हणून ही रीत. पण त्या रोलरवर ना आपला घाट असतो, ना चिखल, ना कांद्याची पोती. कागदावरचा आकडा दोन गाड्यांची तुलना करायला चांगला. आपल्या रस्त्यावरचा खर्च तो सांगत नाही.

आणखी एक फसगत सांगते. समजा, दहाचं ॲव्हरेज देणारा टेम्पो दुरुस्तीनंतर साडेबारा देऊ लागला. आणि चाळीस देणारी मोटारसायकल पन्नास देऊ लागली. जास्त फायदा कुठं? बहुतेक जणी म्हणतील, मोटारसायकलमध्ये, दहानं वाढलं की! आता हजार किलोमीटरचा हिशोब मांडा. टेम्पोला आधी शंभर लिटर लागायचे, आता ऐंशी. वाचले वीस. मोटारसायकलला आधी पंचवीस लागायचे, आता वीस. वाचले पाच. म्हणून तो युरोपवाल्यांचा उलटा हिशोब खरं तर सुलटा आहे. पैसे लिटरचे द्यावे लागतात ना! अमेरिकेतही २०१३ च्या गाड्यांपासून चिठ्ठीवर शंभर मैलांना किती गॅलन, हे छापायला लागले.

आमच्या गटानं मग काय केलं? टाकी काठोकाठ भरली आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहिला. तीन आठवडे मधे घेतलेल्या प्रत्येक डिझेलची पावती जपली. शेवटी पुन्हा टाकी काठोकाठ भरली. डिझेल भरायच्या वेळी दर खेपेला वेगळी सभासद सोबत गेली. एकदा पंपावर पाच लिटरचं शिक्क्याचं मापही मागितलं. ते मागायचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे. तीन आठवड्यांनी भागाकार केला, तर आकडा आला साडेतेरा. पोती भरलेल्या, घाट चढणाऱ्या जुन्या टेम्पोचं खरं ॲव्हरेज तेवढंच होतं.

त्या संध्याकाळी आम्ही पाचजणी वही घेऊन त्या बाईच्या घरी गेलो. तिनं वही नीट बघितली, पोराला हाक मारली आणि आमच्यासाठी चहा टाकला. पुढच्या बैठकीला ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

तेव्हा मैत्रिणींनो, कुणी आकडा सांगितला की तीन गोष्टी विचारा. माप कुठलं? मोजलं कुणी? आणि कुठल्या रस्त्यावर? माणसावर बोट दाखवण्याआधी एकदा माप तपासा.