पोटगी, अपत्यांची : आदेशास आव्हान
स्वतःचा चरितार्थ चालविण्यास असमर्थ असलेल्या अपत्याच्या अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण व औषधोपचार यांसाठी पित्याने वा मातेने द्यावयाची रक्कम म्हणजे अपत्याची पोटगी होय. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने तिची आकारणी सूत्रानुसार प्रशासकीय यंत्रणेकडून करण्याची पद्धत आली. भारतात असे ठरीव सूत्र नाही. अपत्याची गरज व देणाऱ्याची ऐपत पाहून न्यायालय रक्कम ठरविते. त्यामुळे या आदेशांना वेळोवेळी दिल्या गेलेल्या आव्हानांतूनच येथील कायदा बऱ्याच अंशी स्पष्ट झाला.

अज्ञान अपत्याचे पालन हे धर्मशास्त्रानेही पित्याचे वैयक्तिक कर्तव्य मानले होते. ब्रिटिश अमदानीत १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दंडाधिकाऱ्यास पोटगी देवविण्याचा अधिकार दिला. निराधारांनी भटकंतीकडे वा गुन्ह्याकडे वळू नये, हा त्यामागील हेतू होता. १८९८ च्या संहितेतील कलम ४८८ औरस व अनौरस अशा दोन्ही अपत्यांस लागू होते; मात्र पोटगीची कमाल मर्यादा दरमहा ५० रुपये होती. ती पुढे १०० व १९५५ मध्ये ५०० रुपये झाली. १९७३ च्या संहितेतील कलम १२५ मध्ये तीच कायम राहिली. २००१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा रद्द झाली आणि अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकालात काढावा, अशी तरतूद झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने कलम १२५ ची जागा घेतली. हिंदूंपुरता १९५६ च्या दत्तक व निर्वाह अधिनियमाखालीही स्वतंत्र हक्क आहे.

दंडाधिकाऱ्याच्या पोटगीविषयक आदेशावर अपील नसते. सत्र किंवा उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो. १९८४ च्या अधिनियमाखालील कुटुंब न्यायालयाने या तरतुदीनुसार दिलेल्या अंतिम आदेशाचे पुनरीक्षण उच्च न्यायालय करते. पुनरीक्षणात आदेशाची वैधता व औचित्य तपासले जाते. पुरावा सहसा नव्याने तोलला जात नाही. एकतर्फी आदेश सबळ कारण दाखवून तीन महिन्यांत रद्द करून घेता येतो. परिस्थिती पालटल्यास रकमेत वाढ वा घट मागता येते. केवळ आव्हान दिल्याने देणे थांबत नाही. त्यासाठी स्थगिती मिळवावी लागते. थकबाकीपोटी तुरुंगवास होऊ शकतो व तो भोगल्याने थकबाकी फिटत नाही.

१९७८ मध्ये एका पित्याने, पत्नी व दोन अपत्ये यांस मिळून दिलेली दरमहा १,००० रुपयांची पोटगी ५०० रुपयांच्या मर्यादेबाहेर जाते, असा आक्षेप घेतला. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या निर्णयानुसार ती मर्यादा प्रत्येक मागणीदारास स्वतंत्रपणे लागू ठरली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांविषयीच्या १९८६ च्या अधिनियमातील दोन वर्षांच्या मुदतीने अपत्यांचा कलम १२५ खालील हक्क आटोपत नाही, असे ठरवून पित्याच्या बाजूचा उच्च न्यायालयाचा निर्णय फिरविला.

पितृत्व नाकारणे हा आव्हानाचा दुसरा मार्ग. वैवाहिक काळात जन्मलेले अपत्य पतीचेच होय, असे कायदा गृहीत धरतो. रक्तचाचणी सर्रास मागता येणार नाही, असे १९९३ मध्ये ठरले. तथापि २०१४ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात डीएनए चाचणीचा निष्कर्ष या गृहीतकापेक्षा ग्राह्य धरण्यात आला व अपत्याची पोटगी थांबली. आधी दिलेली रक्कम मात्र परत घेता येणार नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

उत्पन्न लपविणे हा यांतील नेहमीचा अडथळा. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने एका मुलास १ सप्टेंबर २०१३ पासून दरमहा ५,००० व दोन वर्षांनंतर १०,००० रुपये अंतरिम पोटगी दिली होती. पित्याचे आव्हान मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फेटाळले. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी तो आदेश कायम केला आणि दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देणी यांची प्रतिज्ञापत्रे द्यावीत, तसेच पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्व न्यायालयांसाठी ठरवून दिले.

या प्रकरणात अंतरिम रकमेचा वादच सात वर्षे चालला. चुकीची आकारणी तपासून घेण्याचा अधिकार देणाऱ्यास असलाच पाहिजे. परंतु दावा लांबला, तरी अपत्याचे बालपण थांबत नाही. अर्जाच्या तारखेपासून पोटगी देण्याच्या नियमाचे महत्त्व यातच आहे. विलंबाचा भार त्यामुळे अपत्यावर पडत नाही. मागाहून मिळालेली थकबाकी मात्र वेळेवर न भरलेल्या शाळेच्या फीची किंवा न मिळालेल्या औषधाची पूर्ण भरपाई करू शकत नाही.