पेरूचे खत आणि पेरूचे कर्ज

पेरू म्हटले की आपल्याला आधी फळ आठवते. आज जी हकीकत सांगायची आहे ती पेरू नावाच्या देशाची, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची. एके काळी या देशाचे सरकार पक्ष्यांच्या विष्ठेवर चालत होते. हे मी थट्टेने म्हणत नाही. 1860 नंतरच्या काही वर्षांत सरकारी उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग या एका मालातून येत होता.

त्या किनाऱ्याला लागून थंड पाण्याचा एक प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. समुद्राच्या पोटातले पाणी तिथे वर येते आणि सोबत पोषक द्रव्ये आणते. त्यांवर अँचोवेटा नावाची बोटभर मासळी अमाप वाढते. आपल्या मांदेलीच्याच कुळातली समजा. ती खायला ग्वानाय जातीचे पाणकावळे, पिकेरो आणि पेलिकन लाखांनी जमतात आणि किनाऱ्याजवळच्या उघड्या बेटांवर वस्ती करतात. थंड पाण्यामुळे तिथे पाऊस जवळजवळ नाहीच. आपल्या कोकणात असा ढीग पहिल्या पावसाळ्यातच धुऊन गेला असता. तिथे तो शतकानुशतके साचत राहिला. चिंचा नावाच्या बेटांवर (आपल्या चिंचेशी या नावाचा संबंध नाही) काही ठिकाणी दीडशे फुटांचा थर होता. आपल्या शेणखतात नत्र शेकडा अर्ध्याच्या आसपास असते. चांगल्या प्रतीच्या या खतात ते शेकडा 12 ते 16 भरते.

तिथले मूळ रहिवासी खताला ‘वानू’ म्हणत. स्पॅनिश लोकांच्या तोंडी त्याचे ‘ग्वानो’ झाले. इंका राजांच्या काळी याचा बंदोबस्त कसा होता ते गार्सिलासो दे ला व्हेगा या लेखकाने 1609 साली छापलेल्या ग्रंथात नोंदले आहे. विणीच्या हंगामात बेटावर पाऊल ठेवणाऱ्याला आणि पक्षी मारणाऱ्याला देहान्त शासन. कोणते बेट कोणत्या प्रांताचे हे ठरलेले, हद्दी आखलेल्या. शिक्षा कडक खरी, पण तिच्यामागचा हिशेब शेतकऱ्याला चटकन कळेल असा आहे. दूध हवे तर गाय जगवली पाहिजे.

1802 साली हुंबोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ पेरूत गेला. त्याने या खताचे नमुने युरोपात नेले व पॅरिसच्या रसायनशास्त्रज्ञांनी ते तपासले. तरी व्यापार सुरू व्हायला 1840 साल उजाडले. स्पेनच्या राज्यातून नुकताच सुटलेला पेरू तेव्हा यादवीने आणि कर्जाने बेजार होता. इंग्लंडमध्ये सलगमाला या खताने केवढा जोर येतो हे दिसल्यावर मागणी एकदम वाढली. सरकारने ढिगावर आपली मालकी जाहीर केली. विक्रीचे काम मात्र परदेशी पेढ्यांकडे दिले, त्यांत लंडनची गिब्स पेढी मुख्य. पेढीने माल विकायचा, आपली दलाली कापून घ्यायची आणि पुढच्या वर्षीच्या मालावर सरकारला आगाऊ उचल द्यायची, अर्थात व्याजाने.

ही उचल आपल्या खेड्यांना अनोळखी नाही. उभ्या पिकावर सावकाराकडून पैसे घेणाऱ्याची जी गत होते, तीच एका देशाची झाली. फरक एवढाच की पीक पुढल्या साली पुन्हा येते. दीडशे फुटांचा थर पुन्हा साचायला किती शतके लागतील याचा विचार लिमा शहरातल्या कोणी मंत्र्याने केल्याचे दिसत नाही.

पैसा सगळाच वाया गेला असे मी म्हणणार नाही. 1854 साली रामोन कास्तिया याने गुलामगिरी बंद केली आणि मूळ रहिवाशांवरची पट्टीही उठवली. हे जमले ते या उत्पन्नाच्या बळावर. पण गुलामांबद्दलची भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना नाही. आणि बेटांवर राबणारे कोण होते? कैदी, गुलाम आणि करारावर आणलेले चिनी मजूर. 1849 ते 1874 या काळात नव्वद हजारांच्या आसपास चिनी माणसे पेरूत उतरली. बहुतेक ऊस-कापसाच्या मळ्यांवर गेली, काहींच्या वाट्याला ही बेटे आली. झाड नाही, गोडे पाणी गलबताने आणलेले, नाकातोंडात झोंबणारी पिवळी धूळ, आणि पळून जायला चहूकडे समुद्र. कड्यावरून उड्या टाकून जीव देणाऱ्यांच्या हकीकती त्या काळच्या प्रवाशांनी लिहून ठेवल्या आहेत.

या मालासाठी अमेरिकेने 1856 साली खास कायदा केला: बेवारस बेटावर असे खत आढळले तर अमेरिकन नागरिकाने त्यावर हक्क सांगावा. 1864 साली स्पेनच्या आरमाराने चिंचा बेटेच ताब्यात घेतली, त्यातून लढाई झाली. 1869 साली पॅरिसच्या ड्रेफस पेढीशी मोठा करार झाला. त्याच्या भरवशावर नवी कर्जे काढून अँडीज पर्वतावर रेल्वे चढवण्याचे काम हाती घेतले. रेल्वे हवी होतीच. पण तारण म्हणून दाखवलेला ढीग त्याच वेळी खरवडला जात होता. 1874 च्या सुमारास चिंचा बेटे संपल्यात जमा झाली. 1876 साली कर्जाचे हप्ते थांबले. 1879 साली चिलीशी युद्ध जुंपले आणि सोरामिठाने भरलेला तारापाका प्रांत हातचा गेला. शेवटी सावकारांनी एक कंपनी काढली आणि 1890 साली देशाची रेल्वे 66 वर्षांसाठी तिच्या हवाली झाली. चाळीस वर्षांत सव्वा कोट टनांच्या आसपास खत परदेशी गेले होते.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. मला महत्त्वाची वाटते ती पुढची. 1909 साली पेरूने एक व्यवस्थापक कंपनी नेमली आणि तिने जवळजवळ इंकांचाच नियम पुन्हा लावला, देहान्त शासन वगळून. बेटांवर पहारे बसले. विणीच्या वेळी उतरायला बंदी. एका बेटाचे खत काढले की ते पक्ष्यांसाठी मोकळे ठेवायचे. पुढे मुख्य भूमीच्या भूशिरांवर भिंती घातल्या, म्हणजे कोल्ह्याकुत्र्यांची भीती न राहता पक्षी तिथेही घरटी करतील. ते आलेही. 1955 च्या आगेमागे वर्षाला तीन लाख टनांवर खत मिळू लागले, आणि हे खत पेरूच्याच शेतात पडत होते.

मग घात कुठे झाला? बेटावर नव्हे, पाण्यात. युरोप-अमेरिकेतल्या कोंबड्या-डुकरांना मासळीची पूड हवी होती. पक्ष्यांच्या तोंडचा घास जाईल म्हणून खत कंपनीने विरोध केला. पण पूड परकीय चलन आणत होती. कारखाने उभे राहिले. काही वर्षांच्या अंतराने तिथला समुद्र ऊन होतो आणि मासळी खोल जाते. त्याला ‘एल निन्यो’ म्हणतात. पूर्वी अशा वर्षी पक्षी उपासाने मरत, पण काही वर्षांत संख्या भरून येई. 1965 साली ते मेले, त्यानंतर पूर्वीची संख्या पुन्हा कधी झाली नाही. तिकडे 1970 साली एक कोट वीस लाख टनांच्या आसपास अँचोवेटा पकडली गेली. 1972 चा एल निन्यो आला आणि 1973 साली पकड वीस लाख टनांच्याही खाली घसरली.

2009 साली पेरूने 22 बेटे आणि 11 भूशिरे मिळून राखीव क्षेत्र जाहीर केले. त्याच वर्षापासून मोठ्या मासेमारी बोटींना प्रत्येकी ठरावीक वाटा नेमून दिला. 2022-23 मध्ये पक्ष्यांच्या तापाच्या साथीत या किनाऱ्यावर लाखो समुद्रपक्षी दगावले. 2023 च्या पहिल्या हंगामाआधी सरकारी पाहणी-बोटींना जाळ्यात बहुतेक पिल्लेच सापडली. तेव्हा उत्तर आणि मध्य किनाऱ्यावरचा हंगाम सरकारने रद्द केला, आणि पुडीच्या कारखान्यांच्या बोटी बंदरातच उभ्या राहिल्या.