मालीश ते नोंदणी

जरीपटक्यातल्या आमच्या बचत गटात "नुसता व्यायाम सांगायचे कसले पैसे?" असं अजून ऐकू येतं. म्हणून आज या विद्येची गोष्ट सांगतो.

१८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालीश करणाऱ्या बायकांची संस्था काढली. मालीशच्या नावाखाली तेव्हा तिथं नको ते धंदे चालत आणि प्रामाणिक बाईलाही बट्टा लागे. परीक्षा आणि प्रमाणपत्र ही त्यांची ढाल झाली.

आपल्याकडे पोलिओच्या साथीनंतर, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. आता पदवीलाच चार वर्षांहून जास्त लागतात. पुढं मेंदू-मज्जातंतू, हाडं-सांधे किंवा हृदय-फुप्फुस अशा एका शाखेत तज्ज्ञ व्हायला आणखी दोन वर्षं. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्यानं नोंदणीसाठी परिषद आली.

लकवा झालेल्या सासूबाईंचा हात चुकीचा ओढला, तर खांदा कायमचा दुखावू शकतो. म्हणून हात लावू देण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला लाजू नका. आणि पोरगी हे शिकायचं म्हणाली, तर "मालीशच शिकणार का?" असं तिला म्हणू नका.