अमेरिकी दूरचित्रवाणीवर हिप हॉप : फंकी फोर प्लस वन

‘फंकी फोर प्लस वन’ हा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील हिप हॉप गट. चार तरुण आणि शा-रॉक ही एक तरुणी, अशा रचनेमुळे त्याला हे नाव मिळाले. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी एनबीसी वाहिनीच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात गटाने ‘दॅट्स द जॉइंट’ हे गीत सादर केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर थेट कला सादर करणारा हा पहिला हिप हॉप गट मानला जातो.

हिप हॉपचा उगम १९७३ च्या सुमारास ब्रॉन्क्समध्ये झाला. १९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ या ध्वनिमुद्रिकेमुळे ही शैली देशभर ऐकली गेली. ती सादर होताना पाहण्याची संधी मात्र ब्रॉन्क्सबाहेर फारच थोड्यांना मिळत असे. कार्यक्रमाच्या त्या भागाच्या सूत्रधार, ‘ब्लॉन्डी’ गटाच्या गायिका डेबी हॅरी यांच्या पुढाकाराने ती देशभरातील प्रेक्षकांना मिळाली.

पुढच्याच महिन्यात ‘ब्लॉन्डी’चे ‘रॅप्चर’ हे रॅपचा समावेश असलेले गीत अमेरिकी लोकप्रियतेच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचले. ब्रॉन्क्सच्या मूळ कलावंतांच्या वाट्याला असे यश तेव्हा आले नाही. एमटीव्ही वाहिनी ऑगस्ट १९८१ मध्ये सुरू झाली, परंतु ‘यो! एमटीव्ही रॅप्स’ हा रॅपला वाहिलेला तिचा कार्यक्रम १९८८ मध्ये आला. आरंभीच्या मोजक्या स्त्री रॅप कलावंतांपैकी एक असलेल्या शा-रॉक यांचा सहभाग हेही या प्रसारणाचे महत्त्व होय.