व्यासपीठावरून आलेलें बोलावणें

अमेरिकेंतील ग्रेट सॉल्ट लेक सिटी या गांवीं २८ ऑगस्ट १८५२ रोजीं मॉर्मन पंथीयांची एक विशेष परिषद भरली. गांव वसून अवघीं पांच वर्षें झालीं होतीं. सभागृह कच्च्या विटांचें, पाठीशीं डोंगर, आणि डोंगरापलीकडे शेंकडों मैल ओसाड प्रदेश. पंथाची नेहमींची परिषद एप्रिल व ऑक्टोबर या महिन्यांत भरे. या वेळीं ती ऑगस्टमध्येंच बोलाविली, याचें कारण अगदीं व्यवहाराचें होतें : ज्यांना परदेशीं धाडावयाचें, त्यांना बर्फ पडण्यापूर्वीं डोंगर ओलांडतां यावा. सभेंत शंभरांहून अधिक पुरुषांचीं नांवें वाचण्यांत आलीं आणि प्रत्येकाच्या नांवापुढें एकेक देश सांगण्यांत आला. कोणास चीन, कोणास ऑस्ट्रेलिया, कोणास दक्षिण आफ्रिका, कोणास सयाम, तर कोणास हिंदुस्थान. सभेनें हात वर करून संमति दिली.

त्या काळीं नांव वाचण्यापूर्वीं त्या मनुष्यास विचारलें जाईच, असा कांहीं नेम नव्हता. आपण जगाच्या दुसऱ्या टोकास निघालों आहों, हें पुष्कळांना सभेंत बसल्या जागीं, बायकामुलांच्या देखत कळे. यांपैकीं बहुतेक जण संसारी होते; कोणाचें घर अर्धें बांधून झालेलें, कोणाचें शेत नुकतेंच पाण्याखालीं आलेलें. पंथाच्या बारा प्रेषितांपैकीं जॉर्ज ए. स्मिथ यानें त्या सभेंत असा दिलासा दिला कीं, या यात्रा फारशा लांबणीच्या नाहींत. तीन ते सात वर्षांहून अधिक काळ बहुधा कोणास घरापासून दूर राहावें लागणार नाहीं. हे शब्द दिलासा म्हणून उच्चारले गेले, यावरूनच त्या समाजाच्या मनाची घडण कशी होती, तें कळून येतें.

हा पंथ तेव्हां बावीस वर्षांचा होता. जोसेफ स्मिथ यानें ६ एप्रिल १८३० रोजीं न्यूयॉर्क प्रांतांत त्याची स्थापना केली, आणि त्याच उन्हाळ्यांत त्याचा धाकटा भाऊ सॅम्युएल हा ‘बुक ऑफ मॉर्मन’ या नव्या धर्मग्रंथाच्या प्रती पिशवींत घालून गांवोगांव हिंडूं लागला. १८४४ मध्यें जोसेफ स्मिथचा जमावानें तुरुंगांत खून केला. पुढें ब्रिगॅम यंगनें अनुयायांना घेऊन पश्चिमेची वाट धरली, आणि १८४७ च्या जुलैंत तो या खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यांत पोहोंचला. या पंथाच्या गांवोगांवच्या मंडळ्यांना पगारी पुरोहित नसतो. आज नांगर धरणारा उद्यां प्रवचन करतो. त्यामुळें व्यासपीठावरून कोणाचेंहि नांव निघूं शकत असे, आणि निघालेलें नांव मागें घेणें जवळजवळ अशक्य होई.

परिषदेंतील भाषणेंहि त्या काळीं उत्स्फूर्त असत. बोलणारा उभा राही आणि सुचेल तें बोले. कालवे, बायकांचे पोशाख, धान्याचा सांठा, परलोक हे सर्व विषय एकाच भाषणांत येत. तीं आज वाचावयास मिळतात, याचें पुष्कळसें श्रेय जॉर्ज डी. वॉट नांवाच्या इंग्रजाकडे जातें. तो पिटमनच्या लघुलिपींत भाषणें टिपून घेई, आणि १८५४ पासून तीं लिव्हरपूल येथें छापून निघूं लागलीं. हा वॉट मोठा चपळ असावा. १८३७ च्या जुलैंत प्रेस्टन येथें रिबल नदीवर इंग्लंडांतील पहिले बाप्तिस्मे व्हावयाचे होते. पहिला मान कोणाचा, हें ठरविण्यासाठीं नदीपर्यंत शर्यत लागली आणि ती वॉटनें जिंकली.

हिंदुस्थान व सयाम हे देश वांट्यास आलेले तेरा जण १८५३ च्या जानेवारीअखेर सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजानें निघाले आणि एप्रिलअखेर कलकत्त्यास उतरले. जहाजाचें नांव होतें ‘मॉन्सून’. नांव शकुनाचें होतें, पण पाऊस मात्र बेताचाच पडावयाचा होता. त्यांच्या पूर्वींच इंग्लंडांतून आलेल्या मॉर्मन प्रचारकांनीं कलकत्त्यास थोडी मशागत केली होती. १८५१ मध्यें तेथें एक लहानशी मंडळी स्थापन झाली, तिला ‘वाटसरूंची शाखा’ असें समर्पक नांव मिळालें होतें. बंगाल तोफखान्यांतील मॅथ्यू मॅककून हा शिपाई आणि त्याचें कुटुंब तिच्यांत सामील झालें होतें. नव्यानें आलेल्यांपैकीं कोणी मद्रासकडे गेले, कोणी कराचीकडे.

मुंबईस ह्यू फिंडले नांवाचा स्कॉटिश प्रचारक १८५२ च्या सप्टेंबरांतच येऊन दाखल झाला होता. त्यास बोलावणें इंग्लंडांतून आलें होतें, सॉल्ट लेकच्या परिषदेंतून नव्हे. मुंबईच्या इंग्रजी पत्रांनीं त्याच्यावर टीकेची झोड उठविली. तो पुण्यास आला, पण लष्करी अधिकाऱ्यांनीं त्यास लष्कराच्या हद्दींत उपदेश करण्यास मनाई केली. त्याचे संभाव्य श्रोते म्हणजे इंग्रजी जाणणारे गोरे शिपाई आणि युरेशियन कारकून. ते तर लष्कराच्या हद्दींतच राहत. तेव्हां फिंडले शहराकडे वळला. पुण्यास त्यानें एक छोटी शाखा उभी केली, मराठी शिकण्यास आरंभ केला, आणि १८५५ मध्यें हिंदुस्थानांतील मराठ्यांस उद्देशून एक पुस्तिका मुंबईस छापविली. शनिवार-सदाशिव पेठांच्या त्या पुण्यांत हा परका मनुष्य मुळाक्षरें घोटीत बसला असेल, हें चित्र मोठें करुण आहे आणि कांहींसें आदरणीयहि आहे.

या मोहिमेस अपयश कां आलें, याचीं कारणें शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. हे प्रचारक बायबलांतील आज्ञेप्रमाणें पैशाची थैली वा झोळी न घेतां निघालेले. माधुकरीस मान देणाऱ्या या देशांत निष्कांचन धर्मोपदेशक नवलाचा नव्हता. पण हे आश्रय शोधीत होते गोऱ्या लोकांत, आणि त्यांच्या दृष्टीनें विनापैशाचा गोरा मनुष्य म्हणजे केवळ लाजिरवाणा प्रकार. दुसरें असें कीं, ज्या परिषदेंत यांचीं नांवें वाचलीं गेलीं, त्याच परिषदेंत दुसऱ्या दिवशीं पंथानें आपलें बहुपत्नीत्वाचें मत प्रथमच उघडपणें जाहीर केलें. त्या बातमीनें इंग्रज वस्तीचीं उरलींसुरलीं दारेंहि बंद झालीं. आणि जे थोडे अनुयायी मिळाले, त्यांना शिकवण अशी कीं, होतां होईल तों यूटास येऊन मिळावें. म्हणजे शाखेला पालवी फुटली कीं ती खुडून दूरदेशीं लावावयाची! चारपांच वर्षांत हिंदुस्थानांतलें हें काम जवळजवळ आटोपलें. मॅककून कुटुंबहि कलकत्ता सोडून १८५७ मध्यें यूटास पोहोंचलें. त्यांच्याबरोबर कलकत्त्यास जन्मलेला आठ वर्षांचा आल्फ्रेड होता.

मॅककून कुटुंब यूटांतील नीफाय या गांवीं राहिलें. त्याच गांवीं एलिझाबेथ क्लॅरिज ही मुलगी वाढत होती. ती १८५२ मध्येंच, इंग्लंडांत, जन्मलेली. ती पंधरा-सोळा वर्षांची असतांना ब्रिगॅम यंग गांवीं आला. मुली पांढरे शुभ्र पोशाख घालून त्याच्या स्वागतास उभ्या राहिल्या. नंतर सभा झाली, आणि नेवाडांतील मडी नदीच्या कांठीं, उजाड वाळवंटांत, वसाहत करण्यास जावयाच्या लोकांचीं नांवें वाचण्यांत आलीं. त्यांत सॅम्युएल क्लॅरिज हें तिच्या वडिलांचें नांव होतें. मुलगी रडूं लागली. पांढरा पोशाख आसवांनीं भिजला. शेजारच्या मैत्रिणीच्या वडिलांचेंहि नांव यादींत होतें, पण तिचे वडील कांहीं जाणार नव्हते. मग तूं कशाला रडतेस, असें तिनें विचारलें. एलिझाबेथनें उत्तर दिलें कीं, माझे वडील जाणारच, आणि न गेले तर मी त्यांना वडील म्हणणार नाहीं. या एका उत्तरांत त्या समाजाचें बळ आहे आणि त्याची निष्ठुरताहि आहे. क्लॅरिज कुटुंब गेलें. त्या वसाहती १८७१ मध्यें सोडून द्याव्या लागल्या.

पुढें हीच एलिझाबेथ कलकत्त्याच्या त्या आल्फ्रेड मॅककूनची पत्नी झाली. आल्फ्रेडनें खाणींच्या धंद्यांत अलोट संपत्ति मिळविली. १८९७ मध्यें कुटुंबासह युरोपची यात्रा करीत असतां ती लंडनच्या मॉर्मन परिषदेस जाऊन बसली. इंग्लंडांत त्या वेळीं पंथ सोडून गेलेला एक व्याख्याता, यूटांत स्त्रियांना कोंडून ठेवतात, असें सांगत फिरत असे. परिषदेंत एका प्रमुखानें पूर्वसूचना न देतां जाहीर केलें कीं, यूटांतून आलेल्या श्रीमती मॅककून आतां बोलतील. भीतीनें तिची गाळण उडाली. पण ती बोलली, आणि लोकांनीं मन लावून ऐकलें. हजार प्रवचनांनीं जें साधलें नव्हतें, तें एका गृहिणीच्या साध्या निवेदनानें साधलें, असें तेथील प्रचारकांना वाटलें. पुरुषांनीं कितीहि समर्थन केलें तरी ज्यांच्याविषयीं वाद चालला आहे त्या स्त्रियाच पुढें आल्यावांचून गत्यंतर नव्हतें. १८९८ च्या एप्रिलांत आयनेझ नाइट व जेनी ब्रिमहॉल या दोन अविवाहित तरुणींची प्रचारक म्हणून इंग्लंडकरितां नेमणूक झाली. अशा नेमणुकीच्या त्या पहिल्याच. कलकत्त्याची ‘वाटसरूंची शाखा’ विराम पावली होती खरी, पण तिची सून अशी उपयोगी पडली.

या सुमारास बोलावण्याची रीतहि पालटली. नांव सभेंत वाचण्याऐवजीं सॉल्ट लेक सिटींतील ‘बॉक्स बी’ या टपाल-पेटीच्या पत्त्यावरून चिठ्ठी येऊं लागली. जाणारेहि बदलले. संसारी पुरुषांची जागा विसाव्या शतकांत हळूहळू अविवाहित तरुणांनीं घेतली; बापावरचा भार मुलावर आला. परिषदेचें व्यासपीठ मात्र क्षीण झालें नाहीं, उलट त्याचा आवाज वाढला. १९२४ मध्यें परिषदेचीं भाषणें नभोवाणीवरून प्रथम ऐकूं आलीं, १९४९ मध्यें दूरचित्रवाणी आली. ध्वनिक्षेपकापुढें घड्याळ चालतें. तेव्हां ऐसपैस उत्स्फूर्त भाषण जाऊन लिहून आणलेलें, मोजून बेतलेलें भाषण आलें. त्यांत नेमकेपणा आला, पण लघुलिपीवाल्या वॉटच्या कानांनीं टिपलेला तो रांगडा ताजेपणा गेला.

१९७४ मध्यें अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनीं, प्रत्येक सक्षम तरुणानें प्रचारकार्यास जावें, ही अपेक्षा मोठ्या जोमानें मांडली. सर्व इतिहासांत याहून महत्त्वाचें वळण दुसरें नाहीं. १८५२ मध्यें शंभर नांवें वाचलीं गेलीं, म्हणून बाकीचे निःशंक मनानें घरीं परतले. आतां नांव कोणाचेंच वाचलें जात नव्हतें, म्हणूनच तें प्रत्येकाचें झालें. एकोणीस वर्षांचा मुलगा गेला तर त्याचा गौरव होई. न गेला तर, कां गेला नाहीं, हा प्रश्न मंडळींत कोणी न विचारतांहि त्याच्यामागें फिरे. प्रकृतीमुळें वा मनःस्थितीमुळें मुदतीपूर्वीं परत येणाऱ्या तरुणाची अवस्था तर सर्वांहून बिकट. त्याचें स्वागत करावें कीं सांत्वन, हेंच शेजाऱ्यांना उमजत नसे. स्वेच्छेनें दिलेली सेवा आणि समाजानें गृहीत धरलेली सेवा बाहेरून एकसारखीच दिसते. दोन वर्षें काळा सूट, छातीवर नांवाची पट्टी, बरोबर एक सोबती आणि खर्चाचा भार स्वतःवर किंवा घरच्यांवर. दिवसभर दारें ठोठावावयाचीं, आणि त्यांतलीं बहुतेक बंद व्हावयाचीं. घरीं दूरध्वनि करण्याची मुभा २०१९ पर्यंत वर्षांतून साधारणतः दोनदांच असे, एकदां नाताळांत आणि एकदां मातृदिनीं. अनेकांनीं त्या दोन वर्षांस आयुष्यांतील सर्वोत्तम काळ म्हटलें आहे. तें खोटें मानण्याचें कारण नाहीं, आणि सर्वांच्याच वतीनें तें बोललें गेलें असें मानण्याचेंहि कारण नाहीं.

६ ऑक्टोबर २०१२ रोजीं परिषदेच्या आरंभींच अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनीं वयाची अट खालीं आणली : मुलांना एकोणिसांऐवजीं अठरा, मुलींना एकविसांऐवजीं एकोणीस. त्या वर्षाच्या अखेरीस प्रचारकांची संख्या ५८,९९० होती; पुढील वर्षाच्या अखेरीस ती ८३,०३५ झाली. वाढीचा मोठा वांटा तरुणींचा होता. पुढें २०१८ च्या एप्रिलांतील परिषदेंत अध्यक्ष रसेल नेल्सन यांनीं बंगळूर येथें मंदिर बांधण्याची घोषणा केली. फिंडले पुणें सोडून गेल्याला तेव्हां दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं होतीं.

२०१८ च्या नोव्हेंबरापासून बोलावण्याचें पत्र टपालानें न येतां संगणकावर येऊं लागलें. पण पत्र उघडण्याचा घरगुती सोहळा राहिला. आजोबा-आजी, भावंडें, शाळेंतले मित्र दिवाणखान्यांत जमतात, दूरचे नातलग पडद्यावरून डोकावतात. मग तो अठरा वर्षांचा मुलगा उभा राहतो आणि प्रथम आपलें नांव आणि मग त्यापुढें लिहिलेला देश मोठ्यानें वाचतो. तो देश कोणता, हें त्या क्षणापर्यंत त्याच्या आईलाहि ठाऊक नसतें.