एका काष्ठठशाची साक्ष

युद्धांचे इतिहास तह, खलिते आणि मृतांच्या याद्या यांवरून लिहिले जातात. घरीं मागें राहिलेल्यांचा कागद दप्तरांत सहसा सांपडत नाहीं. असा एक कागद आम्ही वाचकांपुढें ठेवितों. त्यावर लेख कांहींच नाहीं. तो बर्लिन येथील चित्रकर्त्री केटे कोल्विट्झ (1867–1945) हिचा ‘आईबाप’ या नांवाचा, अभिव्यक्तिवादी वळणाचा लाकडी ठसा होय.

पहिल्या महायुद्धानंतर हिनें कोरलेल्या सात ठशांचा ‘युद्ध’ हा संच 1923 सालीं प्रसिद्ध झाला. अर्न्स्ट बार्लाख याचे ठसे 1920 सालीं पाहून ती या माध्यमाकडे वळली. लाकडाचा जो भाग कोरून काढावा तो कागदावर पांढरा राहतो, उरलेला काळा उमटतो. ‘आईबाप’ या ठशांत गुडघे टेंकलेले पतिपत्नी एकमेकांस बिलगून एकच काळा आकार झाले आहेत. पित्यानें हातानें तोंड झांकलें आहे. आईचें खालीं वांकून दिसेनासें झालें आहे.

एवढ्यावरून हा केवळ शोक होय असें म्हणणें आम्हांस अपुरें वाटतें. संचांतील क्रम पाहावा. पहिल्या ठशांत एक माता आपलें तान्हें मूल पुढें धरून अर्पण करीत आहे. दुसऱ्यांत मृत्यु नगारा वाजवीत, स्वखुषीनें भरती झालेल्या तरुणांस नेत आहे. आईबाप येतात ते तिसऱ्यांत. हा क्रम तिच्या घरच्या हकीकतीशीं जुळतो. धाकटा मुलगा पेटर 1914 सालीं 18 वर्षांचा होता. सैन्यांत जाण्यास त्याला पित्याची संमति लागत होती. पिता कार्ल ती देईना. आईनेंच त्याचें मन वळविलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत पेटर फ्लँडर्समध्यें मारला गेला.

स्वतः लढून आलेल्या ओटो डिक्सनें 1924 सालीं याच नांवाचा 50 चित्रांचा संच काढला. त्यांत खंदक व प्रेतें आहेत. कोल्विट्झच्या संचांत रणांगण नाहीं, शत्रूही नाहीं. मूल पुढें करणारे हात आईचेच आहेत. म्हणून या संचास आम्ही विलाप न म्हणतां कबुलीजबाब म्हणतों, आणि इतिहासाच्या साधनांत त्याची गणना करितों.

मृत मुलाचेंच नांव धारण करणारा तिचा नातू पेटर 1942 सालीं रशियांत मारला गेला. ती स्वतः 22 एप्रिल 1945 रोजीं वारली. युरोपांतील दुसरें महायुद्ध तेव्हां अद्याप संपावयाचें होतें.